आजींचा फोटो माझ्यासमोरच्या यादीत होता

२० मे २०२४, लोकसभेचं मतदान. नाशिकमध्ये त्या दिवशी ऊन इतकं होतं की सकाळी दहालाच शाळेच्या पटांगणात चप्पल काढून उभं राहता येईना, आणि मी सिडकोतल्या एका बूथवर मतदान अधिकारी क्रमांक एक म्हणून बसले होते. ज्यांनी इलेक्शन ड्यूटी केलीय त्यांना माहितीये, एक नंबरवाल्याचं काम म्हणजे ओळख पटवणं. समोर फोटोवाली यादी असते, माणूस आला की अनुक्रमांक शोधायचा, नाव मोठ्याने वाचायचं म्हणजे पोलिंग एजंट आपापल्या यादीत खूण करतात, कार्ड बघायचं, चेहरा बघायचा, मग त्या चौकटीवर लाल पेनाने तिरपी रेघ मारायची आणि बाई असेल तर अनुक्रमांकाला गोलही करायचा. दिवसभर हेच. पाठ मोडते पण काम अवघड नाही.

साडेअकराच्या सुमारास एक आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत घरपोच आलेली मतदार चिठ्ठी, रेशनकार्ड आणि आधारची एक झेरॉक्स, जिच्यात फोटोच्या जागी नुसता काळा डाग होता. मतदान कार्ड आदल्या पावसाळ्यात घरात पाणी शिरलं तेव्हा गेलं, आणि ओरिजिनल आधार लेकीकडे सिन्नरला, कारण दवाखान्याच्या कुठल्यातरी योजनेला ते लागलं होतं. मी यादीत नंबर शोधला, नाव होतं, नावाशेजारी फोटो होता, आणि फोटोत त्याच होत्या, थोड्या तरुण, पण कपाळावरचं गोंदण तेच. दोन वेगवेगळ्या पक्षांचे एजंट तिथे बसलेले, एरवी दर पाच मिनिटाला एकमेकांशी वाद घालणारे, ते दोघंही म्हणाले मॅडम ह्या आमच्याच गल्लीतल्या, आम्ही लहानपणापासून ओळखतो. केंद्राध्यक्षांनी पुस्तिका काढली, दोनदा वाचली, आणि सांगितलं की ओरिजिनल फोटो आयडी पाहिजे, ह्यांच्याकडे चालणारं एकही नाही, मी परवानगी देऊ शकत नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, नियम तोच होता, आणि उद्या तक्रार झाली तर सस्पेंड ते होणार होते. आजी मला म्हणाल्या, "बाई, हा फोटो माझाच हाये ना, तुमीच बघा."

मी बघितला होता. आणि तरी मी त्यांना दुपारी कार्ड घेऊन परत या म्हणून सांगितलं.

संध्याकाळी सहापर्यंत त्या आल्या नाहीत. सिन्नरला जाऊन आधार आणायचं म्हणजे त्या वयात त्या उन्हात एसटीने जाऊन येऊन अर्धा दिवस, कोण करेल?

हे आधीच सांगते, कारण पुढे वाचताना कोणालातरी वाटेल की ही बाई फोटो आयडीच्या विरोधात आहे. मी नाहीये. मतदानाला फोटो ओळखपत्र लागलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ज्यांना वाटतं की ही नुसती गरिबांना अडवायची युक्ती आहे त्यांनी कार्ड नव्हती तेव्हाचे किस्से घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावेत. माझे वडील सांगायचे, बूथबाहेर पक्षांची टेबलं असायची, तिथून चिठ्ठी घ्यायची, आत जाऊन नाव सांगायचं, कोणी हरकत घेतली नाही तर झालं. आणि कधीकधी आत गेल्यावर कळायचं की तुमचं मत पडून गेलंय. सकाळी सातलाच कोणीतरी तुमच्या नावाने टाकून गेला. मेलेल्या माणसांची मतं पडायची, मुंबईला कामाला गेलेल्या पोरांची पडायची, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या सुनांची पडायची. गावात ज्याचा जोर त्याची माणसं बूथवर, मग हरकत घेणार कोण?

कायद्यात यावर उपाय तेव्हाही होता आणि आजही आहे. एजंटला वाटलं की हा माणूस तो नाहीच तर तो दोन रुपये भरून आव्हान देऊ शकतो, मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात, आव्हान खोटं निघालं तर मतदाराला मत देता येतं, खरं निघालं तर त्या माणसाला पोलिसांच्या ताब्यात देतात. आणि तुमच्या नावाने आधीच कोणी मत दिलं असेल तर तुम्हाला प्रदत्त मत देता येतं, म्हणजे मशीनवर नाही तर कागदी मतपत्रिकेवर, जी वेगळ्या पाकिटात बंद होते. ही मतं नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, कोर्टापर्यंत गेलं तरच उघडतात. २००८ ला राजस्थानात नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी फक्त एका मताने हरले, त्यानंतरच्या केसमध्ये ह्या प्रदत्त मतांचाच विषय सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. म्हणजे तोतयाने टाकलेलं एक मत काय करू शकतं ते आपण बघितलेलं आहे. त्यामुळे आजकाल बोगस मतदान होतच नाही, कार्ड कशाला, असं कोणी म्हणालं की मला पटत नाही, कमी झालं असेल तर ते कार्डामुळेच ना कमी झालं.

तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांनी १९९३ ला फोटो ओळखपत्राचा आदेश काढला तेव्हा राज्य सरकारं खर्चावरून कुरकुर करत होती. त्यांनी तर कार्ड नसतील तर निवडणुकाच घेणार नाही अशी ताठ भूमिका घेतली होती, आणि तिथे सुप्रीम कोर्टाला मधे पडावं लागलं, कार्डांसाठी निवडणूक अडवता येणार नाही असं सांगावं लागलं. मला ह्या भांडणातल्या दोन्ही बाजू बरोबर वाटतात. शेषन नसते तर कार्ड आली नसती. आणि कोर्ट नसतं तर कार्ड हे मतदानापेक्षा मोठं झालं असतं. आजींच्या बाबतीत नेमकं तेच झालं, फक्त एका माणसापुरतं.

आता कोणी म्हणेल कार्ड नसेल तर बाकीची डॉक्युमेंट चालतात की. चालतात, २०२४ ला बारा पर्याय होते, आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटोवालं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटोवाली पेन्शनची कागदपत्रं, सरकारी नोकरीचं आयडी, दिव्यांगांचं कार्ड वगैरे. यादी नीट वाचली तर कळतं की नोकरदार माणसाकडे ह्यातली चार-पाच तरी सहज असतात, एक विसरला तर दुसरं पाकिटात आहेच. घरकाम करणाऱ्या बाईकडे किंवा म्हाताऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा एकच असतं, आधार, आणि ते कुठेतरी दिलेलं असतं, कॉन्ट्रॅक्टरकडे, दवाखान्यात, कर्ज काढलं त्या ऑफिसात, नाहीतर मुलाच्या कपाटात. रेशनकार्ड, जे घराघरात सगळ्यात जपून ठेवतात, देवघराच्या फडताळात ठेवतात, ते लोकसभा-विधानसभेच्या त्या यादीत नाही. आणि मतदार चिठ्ठी, जी शासनाचा माणूस स्वतः घरी येऊन देतो, ती २०१९ पासून ओळखपत्र म्हणून चालत नाही. आधी तिच्यावर फोटो असायचा आणि ती चालायची. नंतर आयोगाने ठरवलं की तिच्यात सुरक्षेची काही खूण नसते म्हणून नको, ते कारण मला मान्य आहे. चिठ्ठीवर तसं छापलेलंही असतं. पण आजींना वाचता येत नव्हतं. त्यांच्या हिशेबाने सरकारी माणूस दारात येऊन नाव वाचून कागद देऊन गेला म्हणजे तोच कागद घेऊन जायचा, यात त्यांची काय चूक सांगा.

तरुण पोरांचं वेगळंच. त्यांचं सगळं मोबाईलमध्ये, डिजिलॉकरमध्ये. २५ जानेवारी २०२१ ला ई-एपिक म्हणजे डिजिटल मतदान कार्ड सुरू झालं, डाउनलोड करा म्हणून केवढ्या जाहिराती झाल्या. आणि बूथमध्ये मोबाईल बंदी! मग पोरगा मोबाईलमधलं कार्ड दाखवणार कसं? त्याने प्रिंट काढून आणायला पाहिजे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी मुंबई हायकोर्टात याचिका झाली की मोबाईल आत नेऊ द्या, डिजिलॉकर दाखवू द्या, ती कोर्टाने फेटाळली. २०२५ ला आयोगाने बूथबाहेर मोबाईल जमा करायची सोय जाहीर केली, चांगलंच आहे, पण मोबाईल बाहेर जमा म्हणजे त्यातलं कार्डही बाहेरच जमा. मतदान गुप्त राहावं म्हणून मोबाईल आतपर्यंत नको हे मला शंभर टक्के पटतं. पण मग ओळख पटवायचं टेबल दाराशी ठेवून तिथेच मोबाईलवरचं कार्ड बघून घेतलं आणि मग फोन ठेवून आत सोडलं तर काय बिघडतं? असो, तरुण मुलगा बाईकवर घरी जाऊन पंधरा मिनिटात कार्ड घेऊन येतो, मी बघितलंय. त्याची मला तेवढी काळजी नाही.

बायकांच्या नावांचा प्रश्न मात्र मला जास्त टोचतो आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. आपल्याकडे लग्नात तांदळात नाव लिहून बाईचं नावच बदलायची पद्धत होती, अजूनही कुठेकुठे आहे. नुसतं आडनाव नाही, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि वर स्वतःचं नावही वेगळं. माझ्या आईच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, बँकेत तिसरंच, कारण क्लार्कने ऐकलं तसं लिहिलं. तीन कागदांवर तीन बायका आणि तिन्ही माझी आईच. आयोगाचा नियम तसा समजूतदार आहे, कार्डावरच्या किरकोळ स्पेलिंगच्या, छपाईच्या चुकांकडे दुर्लक्ष करा, माणूस तोच आहे हे पटलं की झालं, असं लिहिलेलं आहे. पण "किरकोळ" म्हणजे किती हे तिथे बसलेल्या माणसाने ठरवायचं, आणि घाबरलेला माणूस नेहमी जास्त कडक वागतो, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

आणि ही आजची गोष्ट नाही. देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ ला, साधारण २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली होती. कारण त्यांनी आपलं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं, आणि तेव्हाचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की स्वतःच्या नावाशिवाय नाव धरायचं नाही. पुढच्या निवडणुकीसाठी बायकांना नाव सांगायला लावलं, समजावलं, नावं वाढली. मला सेन यांचा निर्णय चुकीचा वाटत नाही, उलट बाईला स्वतःचं नाव लावायला लावणारा तो नियम होता, पण त्याची किंमत त्या एका निवडणुकीपुरती त्या २८ लाख बायकांनी मोजली, नियम करणाऱ्यांनी नाही. ओळखीचा नियम कितीही चांगला असला तरी त्याची झळ आधी कोणाला लागते ते बघावं लागतं.

आता दुसऱ्या बाजूचं. जे लोक म्हणतात आयडी आणखी कडक करा, बायोमेट्रिक लावा, म्हणजे सगळे घोटाळे बंद होतील, त्यांना मला एक विचारायचंय. आपल्याकडे गेल्या दीड-दोन वर्षात सगळ्यात जास्त आरडाओरडा कशावर झाला? दुबार नावांवर. आणि दुबार नावाला फोटो आयडी काही म्हणजे काहीही करू शकत नाही. नाशिकमध्ये असे किती लोक असतील बघा, अंबड-सातपूरला एमआयडीसीत नोकरीला आले, इथे घर घेतलं, इथे यादीत नाव घातलं, आणि गावाकडचं नाव तसंच राहिलं. त्यातले बहुतेक जण लबाड नाहीत, त्यांना माहीतच नसतं की स्थलांतरासाठी फॉर्म ८ भरायचा असतो, ते नवीन मतदाराचा फॉर्म ६ भरून मोकळे होतात. पण ज्याला लबाडी करायचीय त्याच्याकडे दोन खरी नावं आहेत, दोन खऱ्या याद्यांत, दोन्हीकडे स्वतःचाच फोटो. लोकसभेला जळगावचं मतदान १३ मे ला झालं आणि नाशिकचं २० मे ला. कार्ड तपासणारा जळगावातही म्हणणार बरोबर आणि नाशिकमध्येही म्हणणार बरोबर. त्याला अडवणार ती फक्त बोटावरची शाई.

त्या शाईचं तरी काय केलं आपण? १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यातली ती सिल्व्हर नायट्रेटची शाई देशभर वापरतात, आठवडा दोन आठवडे जात नाही, नखावर तर नख वाढेपर्यंत राहते. आणि जानेवारी २०२६ ला महापालिकांच्या मतदानात मार्कर पेन वापरले, ते पुसलं जातंय म्हणून राज्यभर गोंधळ झाला, शेवटी पुढच्या निवडणुकांना नेहमीची शाई वापरू असं सांगावं लागलं. नाशिकच्या महापालिकेचं मतदान २०१७ नंतर आम्हाला किती वर्षांनी बघायला मिळालं, आणि तेव्हा चर्चा कशाची, तर नेलपॉलिश रिमूव्हरने शाई जाते का याची. दुबार नावांपुढे यादीत दोन तारे छापले, त्या लोकांकडून कुठे मत देणार ते लिहून घ्यायचं ठरलं, हे बरं झालं, पण तारे हा तात्पुरता उपाय आहे, यादी दुरुस्त करणं हे खरं काम. ते वर्षभर करायचं काम आहे, घरोघरी जाऊन करायचं, आणि ते करते कोण, तर बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, माझ्यासारखी एखादी शिक्षिका नाहीतर अंगणवाडी सेविका, स्वतःचं काम सांभाळून. तिच्या हाताखाली माणूस द्यायला पैसे नाहीत आणि बायोमेट्रिकला आहेत, हे मला खरंच कळत नाही.

आणखी एक गोष्ट. ओळखीचा प्रश्न आता बूथवरून सरकत सरकत यादीवर आलाय आणि तो तिथे जास्त धोक्याचा आहे. बिहारमध्ये २०२५ ला याद्यांची विशेष सखोल उजळणी झाली, आयोगाने ११ कागदपत्रांची यादी दिली, तिच्यात आधार नव्हतं, आयोगाचं स्वतःचं मतदान कार्डही नव्हतं. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत साधारण ६५ लाख नावं कमी झाली, मग सुप्रीम कोर्टाने आधार हे ओळखीसाठी बारावं कागदपत्र म्हणून घ्यायला लावलं. त्या ६५ लाखांत मेलेले, गाव सोडून गेलेले, दोनदा नाव असलेले खूप असणार, ती नावं जायलाच पाहिजेत, याद्या साफ करा हेच तर मी वर म्हणतेय. पण बूथवर एखादी बाई परत गेली तर निदान मला तिचा चेहरा दिसतो, यादीतून नाव गेलं तर ते तिला बूथच्या दारात आल्यावरच कळतं, तेव्हा काहीच करता येत नाही. म्हणून नाव कमी करायच्या आधी घरी जाऊन, माणसाला भेटून, लेखी नोटीस देऊन, त्याचं ऐकून घेऊन मगच करावं, कागद आणला नाही म्हणून नाही. आपल्या नाशिक विभागातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, तेव्हा काय सांगितलं होतं? ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही त्यांना ओळख मिळेल. आता त्याच माणसांना विचारायचं की हा सोडून दुसरा कुठला कागद आहे?

माझ्या स्टाफरूममध्ये ह्या विषयावर वाद झाला तेव्हा एक सर म्हणाले, सिमकार्ड घ्यायला आयडी लागतो, गॅसला लागतो, रेल्वेत टीसी मागतो, तेव्हा कोणी रडत नाही, मग मतदानालाच का? मला हा प्रश्न प्रामाणिक वाटतो आणि त्याचं उत्तर दिलं पाहिजे. सिमकार्ड आज नाही मिळालं तर उद्या मिळतं. मतदानाचा दिवस गेला की पाच वर्षं गेली. आणि दुसरं म्हणजे सिमकार्ड ही कंपनीने दिलेली सेवा आहे, मत हा राज्यघटनेच्या कलम ३२६ ने दिलेला अधिकार आहे, तो यादीत नाव असल्याने येतो. कार्ड फक्त एवढंच सांगतं की यादीतला माणूस तो हाच. म्हणून तर नुसतं कार्ड आहे पण यादीत नाव नाही अशा माणसाला मत देता येत नाही, हे आपण सगळे मान्य करतो ना, दर निवडणुकीला असे दहा-वीस जण भांडून जातात. मग उलट बाजूने का मान्य करत नाही की यादीत नाव आहे, यादीत फोटो आहे, फोटोतला माणूस समोर उभा आहे, तर कार्डाचं जे काम होतं ते झालेलं आहे!

इंग्लंडचं उदाहरण मला इथे फार उपयोगी वाटतं. तिथे आपल्यासारखं सगळ्यांना ओळखपत्र नाही, २०२२ च्या कायद्याने त्यांनी मतदानाला फोटो आयडी सक्तीचा केला आणि मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत पहिल्यांदा वापरला. ज्येष्ठांचा बसचा पास चालतो पण तरुणांचं रेल्वेचं सवलतीचं कार्ड चालत नाही, यावर तिथे बरीच टीका झाली. ज्यांच्या सरकारने तो कायदा केला ते बोरिस जॉन्सन स्वतः मे २०२४ ला आयडी विसरून बूथवर गेले आणि त्यांनाही परत पाठवलं, ते नंतर आयडी घेऊन आले. पण मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. त्यांनी मोजलं. बूथवर आलेले किती जण आयडी नाही म्हणून परत गेले, त्यातले किती परत आले, आणि किती आलेच नाहीत. मे २०२३ ला साधारण १४ हजार माणसं, म्हणजे बूथवर आलेल्यांतली ०.२५ टक्के, पुन्हा आली नाहीत. आकडा लहान आहे का मोठा यावर त्यांनी खुशाल भांडावं, पण भांडायला आकडा तरी आहे.

आपल्याकडे? मी चार निवडणुका ड्यूटी केली. केंद्राध्यक्षांच्या डायरीत प्रदत्त मतं किती, आव्हान दिलेली किती, आंधळ्या किंवा अपंग मतदारांसोबत सोबती किती आले, सगळं लिहावं लागतं. मतदारांची सही घेतात त्या १७ अ च्या रजिस्टरमध्ये तर कोणी कुठलं डॉक्युमेंट दाखवलं तेही लिहितात. पण ओळखपत्र नाही म्हणून परत गेलेल्या माणसासाठी मी हाताळलेल्या कुठल्याही कागदात रकाना नव्हता. म्हणून एक बाजू म्हणते लाखो गरीब परत जातात, दुसरी म्हणते कोणीच जात नाही, आणि दोघांकडेही सांगायला काही नाही. एक रकाना वाढवायला काय लागतं? एक रेघ छापायला. मला वाटतं बाकी सगळ्या मागण्यांच्या आधी ही मागणी सगळ्यांनी केली पाहिजे, मग तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा.

आणि आजींसाठी वाट काढायची तर ती नियमांच्या पुस्तकात अर्धी तयारच आहे. बूथवर एक वेगळी यादी दिलेली असते, गैरहजर, स्थलांतरित आणि मयत म्हणून नोंदलेल्यांची. त्यातला कोणी खरंच हजर झाला तर त्याला हाकलत नाहीत, त्याची नीट तपासणी करतात, सहीबरोबर अंगठाही घेतात, लिहून घेतात, फोटोसुद्धा काढून ठेवतात. म्हणजे ज्याच्यावर आपल्याला सगळ्यात जास्त संशय त्याच्यासाठी आपल्याकडे पद्धत आहे! तीच पद्धत त्या माणसाला लावा ज्याच्याकडे कार्ड नाही पण यादीतला फोटो जुळतोय. अंगठा घ्या, जागेवर फोटो काढा, मीच तो म्हणून लिहून घ्या, खोटं निघालं तर तोतयेगिरीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम १७२ आहे, कलम १७४ नुसार एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. कॅनडात तर त्याच मतदान केंद्रावरचा एखादा मतदार ओळखीच्या माणसासाठी लेखी हमी देऊ शकतो, मात्र एका माणसाने एकालाच. आपण एक पाऊल पुढे जाऊन म्हणू की दोन वेगवेगळ्या पक्षांच्या एजंटांची सही पाहिजे, किंवा बीएलओची.

यावर मला सांगितलं जातं की मॅडम तुम्ही शहरातल्या बूथवर बसता, गावात दोन्ही एजंट एकाच दादाचे असतात, ही पळवाट लगेच वापरतील. हा धोका खरा आहे, मी तो नाकारत नाही. म्हणूनच नुसत्या साक्षीवर सोडा असं मी म्हणत नाही, यादीतला फोटो जुळलाच पाहिजे, ज्याचा यादीतला फोटो ओळखू येत नाही त्याला नाही. आणि प्रत्येक अशा मताची वेगळी नोंद झाली की एखाद्या बूथवर शंभर जण बिनकार्डाचे निघाले तर दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना दिसेल. आज जो घोळ घालायचा तो नोंदीशिवाय होतो.

कार्ड वेळेत हातात देणं हे तर त्याही आधीचं काम. हरवलेल्या कार्डासाठीही फॉर्म ८ च भरायचा असतो, ऑनलाईन होतं, पण आजी ऑनलाईन कुठे जाणार? पेठ-सुरगाण्याकडची माणसं ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर येऊन राहतात, बागेतच शेडमध्ये, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं तेव्हा ती डिपिंग आणि विरळणीच्या कामात होती. त्यांची कार्डं गावात, नाव गावात, बूथ गावात. त्यांना आधी एक दिवसाची पगारी सुट्टी आणि एसटी लागते, मग कार्ड. ८५ वर्षांच्या पुढच्यांना २०२४ ला घरी येऊन मतदान घ्यायची सोय झाली, फार चांगली झाली, तसंच एखाद्या कर्मचाऱ्याने घरी जाऊन गल्लीतल्या सत्तरीच्या माणसांना नुसतं विचारावं की आजी, कार्ड आहे का, दाखवा बरं. निवडणूक जाहीर व्हायच्या महिनाभर आधी. एवढं तर आमच्या अंगणवाडीच्या बाई पोलिओच्या डोसासाठीही करतात.

त्या दिवशी रात्री साहित्य जमा करायच्या आधी मार्क्ड कॉपी पाकिटात घालताना मी ते पान परत उघडलं होतं. वरच्या खालच्या चौकटींवर लाल रेघा, आजींची चौकट कोरी. मी नाव लिहून घ्यायला पाहिजे होतं, घेतलं नाही, आणि आता ते आठवत नाही. पाकिटाला सील लागलं. बूथची टक्केवारी काढली तेव्हा मतदानाला न आलेल्यांच्या आकड्यात आजीही धरल्या गेल्या. त्या आल्या होत्या, साडेअकराला.